खुर्चीला वळसा

ढवळ्याने सासूबाईंचा हात धरला तेव्हा कुमुद ओट्यापाशी पाठमोरी उभी होती. नंतर कितीदाही आठवून पाहिलं तरी क्रम तोच यायचा. आधी काहीच ऐकू आलं नव्हतं. मग पितळी तांब्या फरशीवर आपटला, मग कुत्र्याच्या घशातून स्वतःच भ्यालेला असा एक आवाज आला, आणि सगळ्यात शेवटी सासूबाईंचं ‘अगं बाई’, तेही हळू, गर्दीत कुणाचा धक्का लागल्यावर म्हणतात तसं. ती पॅसेजमध्ये आली तर ढवळ्या भिंतीला अंग चिकटवून, कान पाडून, शेपूट आत घेऊन उभा होता आणि सासूबाई आपला डावा हात दुसऱ्याच कुणाचा असावा तसा उजव्या हाताने धरून बघत होत्या. कुमुदने त्यांना मोरीत नेलं, नळ पूर्ण सोडला, कपड्याचा साबण घेतला आणि जखम धूत राहिली, सासूबाई ‘पुरे’ म्हणाल्या तरी धूत राहिली. मनगटावर बांगड्यांच्या जागी उजळ पट्टा होता. इतकी वर्षं ऊन न लागलेली ती कातडी लहान मुलाच्या कातडीसारखी होती, आणि दात नेमके तिथेच लागले होते. पाणी आधी गुलाबी आलं, मग फिकं, मग स्वच्छ. रंग असा उतरत जाताना पाहणं हे कुमुदचं रोजचं काम होतं, पण त्या दिवशी तिला तो रंग बघवला नाही. तिने त्या उजळ पट्ट्याकडेच पाहिलं.

डॉक्टरांनी इंजेक्शनं सुरू केली आणि सांगितलं, कुत्र्याला दहा दिवस डोळ्यांसमोर ठेवा, तो नीट राहिला तर त्या बाजूची काळजी नाही. पुढे त्याचं काय करायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. ठरवायला वेळ लागला नाही. सुधाकरने, म्हणजे कुमुदच्या नवऱ्याने, त्याच संध्याकाळी देवळा गावी फोन लावला. त्याचा आतेभाऊ, थोरल्या आत्याचा मुलगा गोटीराम दहा दिवस उलटल्यानंतरच्या रविवारी कांद्याचा टेम्पो घेऊन नाशिकला येणारच होता. जाताना ढवळ्याला घेऊन जाईल. तिकडे कांदाचाळीवर राखणीला कुत्रं लागतंच. साखळी लांब असते, मोकळी हवा असते. सुधाकर हे सांगत होता तेव्हा ढवळ्या त्याच्या पायाशीच बसला होता, आणि सुधाकरचा हात त्याच्या कानामागे खाजवत होता. सुधाकर वाईट माणूस नव्हता. बापाला जाऊन दोन महिने होत नाहीत तोच आईचा हात कुत्र्याने फोडलेला, आणि आई तरी बोलत काही नाही, अशा वेळी माणूस जे करतो ते तो करत होता.

कुमुद अंबडच्या एका औषध कारखान्यात, तपासणीच्या प्रयोगशाळेत होती. सिडकोतल्या त्यांच्या रो-हाऊसपासून कंपनीची बस मिळायची. तिथे एखादा घाण नमुना आला की खालचे लोक आधी म्हणायचे, माल खराब आहे. तिचा पहिला प्रश्न नेहमी दुसराच असायचा. बदललं काय? पाणी बदललं, बाटली बदलली, काटा सरकला, की काम करणारा हात बदलला? माल खराब निघायचा कधीकधी, पण ते शेवटी ठरायचं. हा प्रश्न ती घरी आणत नसे. घरात सगळंच एकाच वेळी बदलत असतं आणि सगळ्यांकडे त्याची कारणं तयार असतात. पण आता डॉक्टरांनीच डोळ्यांसमोर ठेवा म्हटलं होतं, आणि डोळ्यांसमोर ठेवणं तिला येत होतं.

बदललं काय, याचं उत्तर घरातल्या प्रत्येकाने एकच दिलं असतं: नाना गेले. ढवळ्या तिच्या सासऱ्यांचा, नानांचा. एसटीतून कंट्रोलर म्हणून रिटायर झाल्यावर त्यांनी हे पांढरं गावठी पिल्लू कुठल्याशा डेपोच्या आवारातून उचलून आणलं आणि लहानपणीच्या बैलाचं नाव त्याला दिलं. दुपारभर नाना पुढच्या खोलीत लोखंडी घडीच्या खुर्चीवर आणि ढवळ्या खुर्चीखाली. तेराव्याला त्यांची गादी, छत्री, चपला आणि ती खुर्ची दान गेली. त्यानंतर ढवळ्या दारातून आत यायचा, आणि खुर्ची होती त्या जागेला बरोब्बर वळसा घालून कोपऱ्यात जायचा. फरशी मोकळी, तरी वळसा. येवल्याहून मुक्कामाला आलेल्या अंबूबाईंनी, नानांच्या धाकट्या बहिणीने, ते पहिल्यांदा पाहिलं आणि पदर डोक्यावर घेऊन हात जोडले. ‘‘दादा बसलेत तिथं. आपल्याला दिसत नाय, त्याला दिसतंय.’’ सुधाकरने चष्मा काढून पुसला. कुमुदनेही हात जोडले होते. प्रत्येक गोष्ट तपासायची नसते, असं तिला त्या वेळी वाटलं होतं.

चावल्यानंतर मात्र तोच वळसा वेगळं बोलू लागला. ढवळ्या सुधाकरला चावला नव्हता, कुमुदला नव्हता, कशातही हात घालणाऱ्या अंबूबाईंनाही नव्हता. त्याआधी दोन-तीनदा तो गुरगुरला होता तोही सासूबाईंवरच. अंबूबाई चहा बशीत ओतता ओतता, वाईट हेतूने नव्हे, नुसतं तोंडाला आलं म्हणून म्हणाल्या, ‘‘जनावर लय इमानी, वयनी. त्याला पांढरं कपाळ नाय सोसत.’’ सासूबाईंनी मान हलवली. त्या दिवसापासून त्यांनी पुढच्या खोलीत येणं सोडलं. देवापुढे दिवा लावायचा तर कुमुदला हाक. लंकाबाई नावाची ही बाई, जिने याच पुढच्या खोलीत बसून कॉलनीतल्या निम्म्या बायकांना शिवण शिकवलं, ती आता स्वयंपाकघरात पिठाच्या डब्याला टेकून बसू लागली. कुमुद जखमेवरची पट्टी बदलत असताना एकदा त्या आपण होऊन बोलल्या. ‘‘लोकांना वाटतं त्याने मला ओळखलं नाही. ओळखूनच धरलं, कुमुद. भाकरी मी घातली तरी कुत्रं त्यांचं. ते गेले आणि मी राहिले, हे त्याला पटलं नाही.’’ कुमुदने पट्टीची गाठ मारली.  असं नसतं आई, हे तिला म्हणता आलं असतं, पण कशावरून नसतं? ते माहीत नसताना दिलासा देणं तिला जमत नसे. सासूबाईंनाही ते माहीत होतं, आणि बहुतेक म्हणूनच त्या तिच्यापाशी बोलल्या होत्या.

कळलं ते अगदी साध्या कारणाने कळलं. कंपनीतून आल्यावर एका संध्याकाळी तिने डब्याची पिशवी खोलीच्या मधोमध, फरशीवरच ठेवली आणि भिंतीला टेकून बसली. पाय दुखत होते, उठून दिवा लावायचाही कंटाळा. बाहेर रिक्षा वळली, शेजारी कुणीतरी मोटर सुरू केली. ढवळ्या अंगणातून आत आला. खुर्चीच्या जागेपाशी आला, वळसा घेतला, डौलात, न चुकता, आणि पुढच्याच पावलाला पिशवीवर जाऊन धडकला. डबा खणखणला. ढवळ्या मागे उडाला आणि पिशवीवर गुरगुरला. मग नाक पुढे करून हुंगलं, डबा ओळखला, आणि शेपटी हलवत तिला शोधू लागला. शोधू लागला हेच तिच्या मनात अडकलं. ती समोर होती. चार हातांवर, उघड्या फरशीवर. जे नव्हतं त्याला तो चुकवत होता आणि जे होतं त्यावर आपटत होता. नाना बसलेले दिसत असते तर पिशवीही दिसली असती. कुमुद हलली नाही. तिच्या आत काहीतरी गार होत, स्वच्छ होत गेलं, प्रयोगशाळेत होतं तसं. तिने पर्समधून कापसाचा बोळा काढला, ढवळ्याला हाक मारली, तो येऊन पुढ्यात बसल्यावर बोळा त्याच्या नाकापासून दूर धरला आणि सोडून दिला. कापूस आवाज न करता पडला. ढवळ्याची नजर जिथे होती तिथेच राहिली. मग दिवा, मग टॉर्च. बाहुल्या मोठ्या, गोल, हिरवट चमकणाऱ्या, उजेडाने लहान न होणाऱ्या. किती सुंदर दिसत होते ते डोळे. म्हणूनच कुणाला शंका आली नसणार. मोतीबिंदूसारखं पांढरं काही नाही, पू नाही, पाणी नाही. घर त्याला पाठ होतं, आणि आपण सगळे त्याच्या पाठांतरालाच नजर समजत होतो. तिला आनंद झाला. मागाहून वाईटही वाटलं, पण आधी आनंदच झाला, आणि त्याची तिला लाज वाटली नाही. दुसऱ्या दिवशी ती त्याला रिक्षात घालून जनावरांच्या दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टरांनी तेच सांगितलं: डोळ्याचा मागचा पडदा गेला आहे, हळूहळू गेला असणार, उपाय नाही, दुखत मात्र नाही.

सुधाकरला सांगितलं तेव्हा तो बराच वेळ ढवळ्याच्या डोळ्यांसमोर हात हलवत राहिला. मग म्हणाला, आंधळा तर आंधळा, पण मग नेमका आईलाच का? सगळ्यांना का नाही? प्रश्न बरोबर होता. नाक तर शाबूत होतं, आणि सासूबाईंचा वास, हिंग, पीठ, अंगाला लावायचं निलगिरीचं तेल, तो जन्मभर ओळखत होता. कुमुदने हेही धरून पाहिलं की झोपेत नाक नव्हे तर कान जागा असतो, कारण ढवळ्या प्रत्येक वेळी पॅसेजमध्ये, पंख्याच्या झोतात झोपलेला असताना बिथरला होता. पण तरी सासूबाईच का? सुधाकर म्हणाला की आता रविवार आला की गोटीराम येतोय, आणि हे कोडं सुटलं नाही तर तो आईला म्हणणार नाही की तू भीत भीत राहा. शेवटी आई काय म्हणेल ते. देवळ्याची ती कांदाचाळ कुमुदने पाहिली होती. ट्रॅक्टर, ट्रॉल्या, रोज हलणारे कांद्याचे ढीग, परकी कुत्री. पाठ करण्यासारखं तिथे काहीच नव्हतं. तिथे ढवळ्या फार दिवस जगणार नव्हता.

मग एका संध्याकाळी स्वयंपाकघरात भाजी चिरता चिरता ती ढवळ्यासारखं करून बघत होती, घरातल्या माणसांना कानाने पाहत होती. डोळे मिटले की सुधाकर लगेच सापडे: किल्ल्यांचा जुडगा, खाकरणं, टाचांवर जोर देऊन चालणं. अंबूबाई तर झोपेतही बोलत. ती स्वतः? फरशी गार लागते म्हणून घरात रबरी सपाता घालायची, त्यांचा फटफट आवाज तिलाच नकोसा व्हायचा. सासूबाई कुठे आहेत? मोरीत? मागच्या दारी? तिने डोळे मिटूनच कान लावला. काहीच नाही. पूर्वी हे असं नव्हतं. पूर्वी सासूबाई कुठे आहेत हे घरात कुणाला विचारावं लागत नसे. पीठ मळताना, केर काढताना, पदर सावरताना, रात्री कूस बदलतानासुद्धा त्यांच्या हिरव्या बांगड्या बोलायच्या. बोटांतली जोडवी शहाबादीवर टिकटिक करायची. हा विचार पुरता होतो न होतो तोच तिच्या अगदी कानाशी काहीतरी हललं, कुमुद ताडकन वळली, सुरीचा हात वर गेला आणि तोंडातून निघालं, ‘‘केवढं दचकवलंत आई!’’ सासूबाई दोन पावलं मागे झाल्या. त्या मिठाची बरणी घ्यायला आल्या होत्या. कुमुदने सुरी खाली ठेवली.  आणि ती ठेवता ठेवताच तिला सगळं दिसलं. ती डोळस होती, जागी होती, आणि तरी तिने तेच केलं होतं जे ढवळ्याने केलं.

नाना गेले त्या दिवशीचं, दोन महिन्यांपूर्वीचं, सगळं होतं तिच्याजवळ. नानांना बाहेर ठेवलेलं. अंबूबाईंनी सासूबाईंचे हात उंबऱ्यावर टेकवून बांगड्या फोडल्या, पटापट, करावंच लागतं म्हणून, रडत रडत. मग जोडवी ओढली. एक बोट सुजलेलं, त्यातलं निघेना तर साबण लावला. ढवळ्याला त्या वेळी मागच्या अंगणात बांधून ठेवलं होतं, तो सारखा भुंकत होता. लोक गेल्यावर काचा कुमुदने उचलल्या. मोठे तुकडे सुपलीत, आणि बारीक चुरा ओल्या कापसाने टिपून, प्रयोगशाळेत फुटलेल्या नळीचा टिपतात तसा, म्हणजे अनवाणी पायात काही जाऊ नये. कापूस हिरवा चमकत होता. आपण नीट काम केलं असं तिला वाटलं होतं. एक कणही राहू दिला नव्हता. तिला आता हेही आठवलं की लग्न झाल्यावर तिच्याही दोन्ही हातांत डझनभर बांगड्या होत्या, आणि कंपनीत काच चालत नसे म्हणून ती रोज सकाळी त्या मोरीच्या फळीवर काढून ठेवायची, संध्याकाळी घालायची. मग कधीतरी संध्याकाळी घालणं राहून जाऊ लागलं. सासूबाई त्यावर कधी काही बोलल्या नाहीत. फक्त एकदा सहज म्हणाल्या होत्या, ‘‘पूर्वी तुझ्या बांगड्या वाजल्या की मी चहा टाकायचे. आता मेलं कळतच नाही तू आलीस का नाही.’’ तिला तो तेव्हा टोमणा वाटला होता. ती साधी माहिती होती.

तिने सासूबाईंना स्वयंपाकघराच्या दारात उभं राहायला सांगितलं. बोलू नका, नुसतं बघा. ढवळ्या पॅसेजमध्ये झोपला होता, पंखा चालू होता. कुमुदने सपाता काढल्या, हाताला जाड टॉवेल गुंडाळला, आणि श्वासही आवरून, सासूबाई आजकाल चालतात तशी, भिंतीकडेने गेली. टॉवेल त्याच्या पाठीला लागला. त्याने झोपेतूनच वळून टॉवेल धरला, जोरात, तोच आवाज घशातून काढत. आणि दुसऱ्याच क्षणी सोडला, हुंगलं, आणि ओशाळवाणा होऊन तिची कोपरं चाटू लागला. कुमुद तशीच उकिडवी बसून राहिली. तिचा आवाज तिच्या अपेक्षेपेक्षा शांत निघाला.

‘‘माझ्या कपाळाला कुंकू आहे, आई. तरी मला धरलं.’’

 सासूबाई दाराची चौकट धरून खाली बसल्या. मग एकेक करून त्यांनी विचारलं आणि कुमुदने सांगितलं. दिसतच नाही? नाही. कधीपासून? बरेच महिने, नाना होते तेव्हाच सुरू झालं असणार. मग ते खुर्चीला वळसा घालणं? खुर्ची गेली हे त्याला माहीत नाही. सासूबाईंनी पुढच्या खोलीच्या मोकळ्या फरशीकडे पाहिलं. ‘‘म्हणजे त्याच्या हिशेबी ते अजून बसलेत.’’ कुमुद म्हणाली की ते तिला सांगता येणार नाही. खुर्ची आहे असं तो धरून चालतो, एवढंच तिला ठाऊक आहे. तेवढ्याने सासूबाईंचं समाधान झालेलं दिसलं. मग कुमुदने उपाय सांगितले. जवळ जाताना आधी बोलायचं, नाव घ्यायचं, झोपला असेल तर लांबूनच फरशीवर थाप मारायची. सासूबाई म्हणाल्या, त्याला हाक मारायची वेळच कधी आली नाही, मी उठले की तोच उठायचा. आता घरात तोंड उघडायलासुद्धा नको वाटतं, आणि कुत्र्याशी काय बोलू? मग त्यांच्या डोळ्यांत पूर्वीचं, शिवणाच्या क्लासातल्या बायकांना हसवणारं काहीतरी क्षणभर आलं. ‘‘का माझ्या गळ्यात घंटा बांधतेस, म्हशीला बांधतात तशी?’’

कुमुद हसली. त्या घरात खूप दिवसांनी कुणीतरी हसत होतं. ‘‘घंटा होती की,’’ ती म्हणाली. ‘‘हातात होती. काढून घेतली.’’

सासूबाईंचं हसू गेलं नाही, पण थांबलं. त्यांनी डाव्या मनगटावरच्या पट्टीकडे पाहिलं, मग उजव्या मनगटाकडे, आणि ते मनगट पदराखाली घेतलं. कुमुद पुढे बोलली नाही. प्रयोगशाळेत ब्युरेटच्या, म्हणजे मापाच्या काचनळीच्या, तोटीतून थेंब थेंब सोडताना एक वेळ अशी येते की हात मागे घ्यायचा असतो. टोकाला आलेला थेंब त्याच्या वजनानेच पडायला हवा, झटकला की सगळं मोजमाप बिघडतं. ती तोटी बंद कधी करायची हे तिला कळत होतं, आणि त्याबद्दल तिला खात्री होती. ती सपाता घालून भाजी फोडणीला टाकायला गेली.

रविवारी गोटीराम साखळी घेऊनच आला. उंच, उन्हाने रापलेला, दारातच टेम्पोतली कांद्याची गोणी उतरवून घाम पुसत उभा. अंबूबाई त्याच्याच टेम्पोतून येवल्याच्या बसपर्यंत जाणार होत्या, त्यांची पिशवी भरलेली. सुधाकर ढवळ्याची थाळी आणि गोधडी बांधत होता, कुणाकडे न बघता. गोटीरामने विचारलं, ‘‘मामी कुठं? त्यांना भेटून लगीच निघतो. कुत्रं चावरं नाय ना लय?’’ ढवळ्या उंबऱ्याशी झोपला होता. साखळीच्या आवाजाने त्याने मान उचलली, नाक फिरवलं, आणि परका वास लागताच उठून भिंतीला टेकला.  कुमुद स्वयंपाकघरात गेली, कारण पुढच्या खोलीत तिला करण्यासारखं काही उरलं नव्हतं. सासूबाई तिथे नव्हत्या. मागच्या खोलीचं दार लोटलेलं होतं. पत्र्याचा डबा उघडल्याचा आवाज आला, मग बराच वेळ काही नाही.

मग ऐकू आलं. कुमुद पाठमोरी होती, तिने वळून पाहिलं नाही. थोड्याच असाव्यात, पाच-सहा, आणि आवाज हिरव्या बांगड्यांचा नव्हता. जास्त पातळ होता. तिने तो ओळखला. त्या तिच्या स्वतःच्या होत्या. मोरीच्या फळीवरून सासूबाईंनी कधीतरी उचलून ठेवलेल्या, लाल, सोनेरी ठिपक्यांच्या. तिच्या मापाच्या बांगड्या सासूबाईंच्या हातात आता सहज गेल्या होत्या, इतका तो हात उतरला होता. आवाज पॅसेजमधून गेला, मुद्दाम न करता, चालताना होतो तेवढाच. पुढच्या खोलीत फरशीवर नखं वाजली. शेपटी दाराच्या फळीवर आपटू लागली, फट् फट्, थांबेचना.

अंबूबाई म्हणाल्या, ‘‘वयनी, हे काय गं?’’

‘‘त्याला दिसत नाही,’’ सासूबाईंचा आवाज आला. ‘‘मी आले हे त्याला कळायला नको?’’ अंबूबाई काहीतरी पुटपुटल्या. लोकांचं नाव त्यात होतं. सासूबाई म्हणाल्या, ‘‘लोकांना सांग तू. कुत्र्यासाठी घातल्यात.’’ मग थोडं थांबून, ‘‘आणि मलाही कळत नव्हतं गं, मी घरात आहे का नाही ते.’’

 मग सुधाकर गोधडीची गाठ सोडतोय असा आवाज आला, आणि गोटीरामने साखळी खिशात कोंबल्याचा. ‘‘बसून घे रे,’’ सासूबाई त्याला म्हणाल्या. ‘‘तिथं नको, थोडा इकडे सरक. तिथून त्याची वाट आहे.’’

बांगड्या स्वयंपाकघराकडे येत होत्या. त्या दारापर्यंत पोचण्याआधीच कुमुदने चहाचं आधण ठेवलं.